माईंची नक्कल

आमच्या घरात घड्याळ नव्हतं. कोळवणहून पौडकडे जाणारी सकाळची पहिली एसटी खालच्या वळणावर गिअर बदलायची, तो आवाज म्हणजे उठायची वेळ. आई त्याच्याही आधी उठलेली असायची. चुलीत अर्धी ओली लाकडं सारून ती फुंकणीनं फुंकत बसायची, धुरानं डोळे पुसायची आणि मधूनच तीच गाडी तोंडानं काढून दाखवायची. आधी लांबून घरघर, मग वळणावरचा दम लागल्यासारखा खाकरा, मग घंटीचे दोन टोल आणि त्या वेळच्या कंडक्टरचा नाकातला आवाज, "फुडं सरका, फुडं सगळं रान मोकळं हाय." मी गोधडीतच हसायला लागायचे. हसलं की जाग येते, हे तिला ठाऊक होतं. मला हाका मारून उठवल्याचं आठवत नाही.

वस्तीत आमची बौद्धांची बारा-तेरा घरं. गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायाशी, जिथं पावसाळ्यात भिंतीतून पाणी पाझरतं आणि जमिनीवर पोती टाकून झोपावं लागतं, तिथं. दोन खोल्या, पुढं पडवी, पडवीत शेळी. खायला नाचणीची भाकरी, टाकळा नाहीतर कुर्डूची भाजी, कधी सुकट. पावसात ओढ्याला खेकडे चढायचे. आई ते ठेचून, रस गाळून कालवण करायची. त्याचा वास वस्तीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा आणि कुणाकडं खेकडे झालेत ते लपत नसे. खोऱ्यात सगळीकडं भात, आणि तोही आंबेमोहोर, पण तो आमच्या खाचरातला नव्हता. आम्ही तो लावायचो, कापायचो, झोडायचो. फुलोऱ्यावर आला की शाळेच्या वाटेवर दोन्ही बाजूंनी त्याचा वास सोबत करायचा.

आबा, म्हणजे माझे वडील, पुण्यात एका कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी होते. आठवडाभर तिकडंच, शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं घरी. येताना पुड्यात खारी आणि आठवड्याची जुनी वर्तमानपत्रं आणायचे. खारी माझी, वर्तमानपत्रं त्यांची आणि वाचून झाली की तीही माझी. आबा कमी बोलायचे. ते घरात असले की आई नकला करत नसे. एकदा तिनं विसरून मास्तरांचा आवाज काढला. आबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि शांतपणे म्हणाले, "लोकांना हसवायचं काम आपल्या मानसांनी लई पिढ्या केलं. आता बास." मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही. घरातल्या घरात कोण कुणाला हसवत होतं, असं वाटलं. त्यांना मी शिक्षिका व्हायला हवी होते. शाळेत टेबलाच्या त्या बाजूला बसलेली.

आईचा खरा फड खाचरात असायचा. भातलावणीला पंधरा-वीस बाया एका रांगेत वाकलेल्या, पोटऱ्यांपर्यंत चिखल, पाठीवर इरली, आणि वरून धो धो. दुपारपर्यंत कंबर धरून यायची. मग कुणीतरी म्हणायचं, "गंगे, काढ की कुनाला तरी." आई मान वर न करता, हातातली रोपं खुपसता खुपसता एकेकाला काढायची. जनावरांचा डॉक्टर, जो बैलापेक्षा बैलवाल्याला जास्त घाबरायचा. जमीन बघायला आलेला पुण्याचा साहेब, जो बांधावरून घसरतानाही विचारायचा, "आणि इकडून सूर्य कुठून उगवतो?" बाया हसता हसता पुढं सरकायच्या आणि रांग कधी संपली ते कळायचं नाही. पण सगळ्यात जास्त मागणी असायची ती माईंना.

माई म्हणजे अण्णांची बायको. गावात सगळ्यात जास्त खाचरं अण्णांची. वस्तीतली निम्मी घरं त्यांच्याकडं कामाला जायची, आमचंही. अण्णा ओटीवर बसून असायचे आणि तिथून त्यांना सगळं ऐकू यायचं. कोंबडी कुठं ओरडली, कोण आलं, कोण काय घेऊन गेलं. माई उंच, किडकिडीत, डोक्यावरून पदर, आवाज मात्र असा खणखणीत की ओढ्यापलीकडं जावा. आषाढात आणि श्रावणात वस्तीतल्या घरांतलं धान्य संपत यायचं. तेव्हा आई त्यांच्या परसदारी जायची. मी पाठोपाठ जायचे, पण मला शेणकईपाशी, शेणाच्या खड्ड्याजवळ, थांबवलेलं असायचं, तिथून पुढं यायचं नाही. मला आईची पाठ दिसायची, तिच्या खांद्यावरून माईंचा चेहरा दिसायचा आणि आवाज ऐकू यायचा, "तसं आमच्यात कमी काय न्हाई गं, पन आज न्हाई जमायचं." मग आई पदर पोटाशी गोळा करून वळायची आणि आम्ही परत यायचो. कितीदा ऐकलं असेल ते वाक्य. "तसं आमच्यात कमी काय न्हाई" हे मोठ्या ठसक्यात, आणि "पन आज न्हाई जमायचं" हे जरा लांबवून, शेवटचं अक्षर वर चढवून. आई खाचरात ते हुबेहूब म्हणायची. बाया हसून हसून चिखलात बसायच्या. आमच्या वस्तीतल्या पाच-सहा बाया तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायच्या. इतकं काय आहे त्यात, असं मला कधी वाटलं नाही. मला ते तेवढंच विनोदी वाटायचं.

आजही मुलाखत घ्यायला येणारी मुलं विचारतात, बाई, तुमची ती टीव्हीवरची काकू कुठून सुचली. मी म्हणते, निरीक्षणातून. खरं सांगायला बसले तर त्यांच्या चहाचं पाणी आटून जाईल.

अकरावीला मला पुण्याला मुलींच्या वसतिगृहात ठेवलं. पहिलं वर्ष मी जवळजवळ मुकीच होते. तोंड उघडलं की "हाय", "न्हाई", "लई" बाहेर पडायचं आणि खोलीतल्या मुली एकमेकींकडं बघायच्या. दुष्टपणा नव्हता त्यात, मौज होती. मग एका संध्याकाळी वीज गेली होती आणि अंधारात मी आमच्या अधीक्षकबाईंचा आवाज काढला. क्षणभर सगळ्यांना खरंच बाई आल्यासारखं वाटलं. मग जो हशा पिकला तो मला अजून ऐकू येतो. त्या दिवसापासून मी कुणाच्या चेष्टेचा विषय राहिले नाही. एकांकिका स्पर्धा झाल्या, स्नेहसंमेलनं झाली. लिहायचंही मीच, करायचंही मीच. तिसऱ्या वर्षी एका स्पर्धेला परीक्षक म्हणून मुंबईहून टीव्हीवर कार्यक्रम करणाऱ्या नलिनीताई आल्या होत्या. जाडसर भिंगांचा चष्मा, तोंडात लवंग. बक्षीस समारंभानंतर त्यांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, "बायकांच्या कार्यक्रमात मला आठ मिनिटांचं काहीतरी हसरं हवंय. लिहून आणशील? आणि हे पुणेरी बोलणं नको. तुझं घरी जसं बोलतात तसं."

घरी जसं बोलतात तसं. मला विचार करावाच लागला नाही. एका बैठकीत लिहिलं. एक काकू, तिच्या दाराशी शेजारीण येते. ताक मागते. काकू म्हणते, "तसं आमच्यात कमी काय न्हाई गं, पन आज न्हाई जमायचं." सुई मागते, तेच. नुसतं किती वाजले विचारते, तर काकू म्हणते, "तसं येळंला आमच्यात कमी काय न्हाई, पन आज न्हाई जमायचं." शेवटी शेजारीण ओरडत येते की तुमच्याच माडीला आग लागलीय, घागरभर पाणी द्या, आणि काकू दाराला पाठ लावून उभी राहते, "तसं आमच्या हिरीला कमी काय न्हाई..." नलिनीताईंनी वाचलं आणि चष्मा काढून डोळे पुसले. "ही बाई खरी आहे का गं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नाही, अशाच असतात खेड्यात." हे उत्तर मी इतक्या चटकन दिलं की पुढं पुष्कळ वर्षं त्याचा चटका बसत राहिला.

चित्रीकरणाचं फारसं आठवत नाही. थंडगार हॉल, डोळ्यांवर येणारा उजेड, माझ्या हाताला रंग लावता लावता "तुमचा रंग दिव्यात छान उठतो" म्हणणारा रंगभूषाकार, आणि कॅमेऱ्यामागच्या माणसांचं तोंड दाबून हसणं. तेवढं मात्र लख्ख आठवतं. कॅमेऱ्यामागची माणसं हसली म्हणजे जिंकलं, हे कुणी न सांगता मला कळलं होतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी गावी असतानाच कार्यक्रम लागायचा होता. गावात टीव्ही एकच, अण्णांचा. लाकडी कपाटात बसवलेला, सरकत्या दाराचा. अँटेना कौलावर उंच बांबूला, सिंहगडावरच्या टीव्हीच्या मनोऱ्याकडं तोंड करून. डोंगर मधे असल्यानं चित्रावर मुंग्या फिरायच्या आणि कुणीतरी कौलावर चढून बांबू फिरवत राहायचं. आईला मी फक्त इतकंच सांगितलं होतं की मी टीव्हीवर दिसणार आहे, काय केलंय ते बघूनच कळेल. तिनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं. अंगणात सगळा गाव. ओटीवर अण्णांची माणसं, खाली अंगणात बाकीचे आणि गोठ्याच्या बाजूला आम्ही वस्तीतले. ते कुणी सांगावं लागत नसे. माई उंबऱ्यात बसल्या होत्या. मी पडद्यावर दिसले तशा त्या आत बघून मोठ्यानं म्हणाल्या, "आगं या की, आपली सुमी आली बघा." आईनं माझा हात धरला. तिचा तळवा कामानं खरखरीत झालेला होता आणि त्या दिवशी घामानं ओला होता.

मी पहिल्यांदा ते वाक्य म्हटलं, टीव्हीतल्या मीनं, तेव्हा अंगणात कुणी हसलं नाही. मला वाटलं आवाज नीट आला नाही. मग मागून एक तरुण पोरगा तेच वाक्य तसंच म्हणाला आणि अंगण फुटलं. कुणी मांडीवर थापा मारत होतं, कुणी पुढच्याच्या पाठीवर. किती वाजले विचारल्यावर तर बायांनी पदर तोंडात कोंबले. अण्णा सगळ्यांत जास्त हसले. हसता हसता त्यांना खोकला लागला, आणि खोकत खोकतच बायकोकडं बोट करून ते म्हणाले, "आगं, ही तर तू हायेस. हुबेहूब तू." माई तोवर इतरांसारख्याच हसत होत्या. ते हसू त्यांच्या तोंडावर तसंच राहिलं, काढून ठेवायचं विसरल्यासारखं. आग लागल्याचा प्रसंग सुरू झाला तशा त्या उठल्या. "चुलीवर दूध हाय," म्हणाल्या आणि आत गेल्या. त्या वेळी दूध चुलीवर नसतं, हे गोठ्याजवळ बसलेल्या आम्हाला ठाऊक होतं. आईनं माझा हात सोडला होता. कधी, ते मला कळलं नाही.

लोकांनी मला वस्तीपर्यंत पोचवलं. पोरं पुढं पळत, माझं वाक्य म्हणत. आई मागून येत होती. घरी आल्यावर तिनं लुगडं बदललं, हिरव्याची घडी घातली आणि मग विचारलं, "तुला माईचं करायला कुनी सांगितलं?"

"तूच तर करतेस की."

"मी खाचरात करते," ती म्हणाली.

मी पुढं काही विचारलं नाही. मला राग आला होता. आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी मिळालं होतं आणि तिनं चेहरा पाडला होता. मला वाटलं, ही मालकाला घाबरते. काम जाईल म्हणून घाबरते. आबांचं मला शिक्षिका करू पाहणं आणि आईचं हे घाबरणं, दोन्ही एकाच जातीचं आहे असं माझ्या वसतिगृहातल्या डोक्यानं ठरवून टाकलं. दोन दिवसांनी मी पुण्याला निघून गेले. आबांनी तो कार्यक्रम लक्ष्मी रस्त्याच्या एका दुकानाच्या काचेबाहेर उभं राहून पाहिला होता. आवाज काचेतून येत नव्हता. ते एवढंच म्हणाले, "मानसं हसत हुती. तू काय बोललीस ते न्हाई कळलं." मी त्यांनाही सांगितलं नाही.

श्रावणात नलिनीताईंचं पत्र आलं. पुष्कळ प्रेक्षकांची पत्रं आली होती, वरच्यांना काकू आवडली होती. तेरा भागांची मालिका करायची. लेखन माझं, काकू मी. कळव. मी ते पत्र ब्लाउजमध्ये ठेवून गावी आले. पौडला गाडी बदलताना एका अनोळखी बाईनं मला ओळखलं आणि काकूचं वाक्य म्हणून दाखवलं. मी वळणावर उतरले तेव्हा हवेत तरंगत होते.

वस्तीत शिरले तर शेवंतामावशी पडवीत तांदूळ पाखडायच्या सुपात नाचणी निवडत होती. लहानपणापासून जिच्या मांडीवर मी खेळले ती शेवंतामावशी. मी हाक मारली. तिनं वर पाहिलं, सूप उचललं आणि आत गेली. पुढच्या घरातही तेच. शेळीनं तेवढी ओळख दिली. आई घरी होती. लावणी संपली होती, काम नव्हतं. तिनं माझ्यापुढं नाचणीची पेज ठेवली, पातळ, वाटीच्या तळाची नक्षी दिसत होती. दर श्रावणात आमच्या घरी आठवड्यातून दोन-तीनदा तरी भात असायचा. मजुरीत मिळतो, असं आई सांगायची. मी विचारलं, "भात नाही का गं?" तेव्हा तिनं सांगितलं.

"भात माईचा असायचा," ती म्हणाली. "मजुरीचा कुटनं? अण्णा मजुरीत तांदळाचा दानासुदिक द्यायचा न्हाई. परसदारी मी पदर पसरून हुबी ऱ्हायची आन ती सुपानं वतायची. तोंडानं न्हाई म्हनायची, ओटीवर ऐकू जायाला. मोठ्यांदी म्हनायची. हातानं द्यायची. माज्यासारक्या पाच-सा घरांस्नी."

मी शेणकईपाशी उभी असायचे. मला आईची पाठ दिसायची. हात दिसत नसत. एवढी सगळी वर्षं मी पाहिलेलं एक दृश्य आई माझ्यासमोर उलगडत होती आणि त्यात मी पाहिलेलं काहीच खोटं नव्हतं.

"मग तू तिची नक्कल का करायचीस?"

"तीच म्हनाली हुती. करत जा म्हनली. खालच्या आळीच्या बाया असत्यात लावणीला. त्यांनी जाऊन सांगावं, माई काय म्हंजी काय देत न्हाई. अण्णाच्या कानाला ग्वाड लागतंय त्ये." आईनं पेजेची वाटी माझ्याकडं सरकवली. "तू अर्धीच नक्कल केलीस, सुमे. बाकीची तुला ठावंच नव्हती. मी सांगाय पायजे हुतं. पोराच्या पोटात ऱ्हात न्हाई म्हनून सांगितलं न्हाई. मग तू मोठी झालीस आन ऱ्हाऊनच गेलं."

कार्यक्रमानंतर काय झालं तेही तिनं सांगितलं, चुलीकडं तोंड करून. अण्णांना त्या वाक्याचा भारी अभिमान वाटायला लागला होता. कुणी आलं की ते बायकोला हाक मारायचे, "म्हन की त्ये टीव्हीतलं." ती म्हणायची. आषाढात एक दिवस त्यांचे व्याही आले. अण्णांना हुक्की आली की व्याह्यांना खरा खेळ दाखवावा. ते पावण्यांना घेऊन, पाय न वाजवता, घराला वळसा घालून परसदारी आले. तिथं आई पदर पसरून उभी होती, माई सुपानं तांदूळ ओतत होत्या आणि ओटीकडं तोंड करून मोठ्यानं तेच वाक्य म्हणत होत्या.

"पावनं काय म्हनले ठावं हाय?" आई म्हणाली. "म्हनले, अण्णा, टीव्हीवाली खोटं बोलती, तुमची कारभारीन तर दानी हाय. अण्णा हसले. त्यांच्यासंगट हसले. मी तशीच आले तांदूळ घिऊन. दुसऱ्या दिशी कोठीला कुलूप बसलं. किल्ली अण्णाच्या कमरंच्या करगोट्याला. मोजून काढून देतुया रोजचं."

"माईंना काही केलं का त्यांनी?"

आईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "हाताला फडकं हुतं आठ दिस. मी इचारलं न्हाई. तिनं सांगितलं न्हाई."

पेज गार झाली होती. शेवंतामावशीच्या घरात तेव्हा चार लहान मुलं होती. मी ब्लाउजमधलं पत्र काढून आईला वाचून दाखवलं. का दाखवलं, आज सांगता येणार नाही. कदाचित तिनं सांगावं, सोड म्हणून. किंवा सांगावं, कर म्हणून. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, माझी वाटी उचलली आणि म्हणाली, "ह्यातलं मला काय इचारू नगंस." त्या दिवसानंतर आईनं माझ्यासमोर कधीही कुणाचा आवाज काढला नाही. मी खूप वर्षं वाट पाहिली. माझी मुलं झाल्यावर त्यांच्यासाठी तरी काढेल असं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अण्णांच्या परसदारी गेले. रिमझिम लागलेली. माई वळचणीखाली बसून राखेनं पितळेची भांडी घासत होत्या. उजव्या हाताची दोन बोटं नीट वळत नव्हती, त्या तळहातानं घासत होत्या. मी नेहमीच्या जागी थांबले, सवयीनं.

"कोन, सुमी? हिकडं ये. भिजतीस कशापायी?"

मी वळचणीला गेले. त्या दाराच्या इतक्या जवळ मी पहिल्यांदाच उभी होते. बोलायचं खूप ठरवून आले होते, पण तोंडातून आलं ते एवढंच, "माई, मला ठाऊक नव्हतं."

"व्हय गं. तुला ठावं असतं तर तू केलं नसतंस." त्यांनी तांब्या उपडा घातला. "आनि ठावं न्हाई त्याची माफी तरी कशाची मागतीस."

आतून अण्णांचा खाकरण्याचा आवाज आला. माईंनी हात थांबवला, ऐकलं, पुन्हा घासायला लागल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "तितं लई उजेड असतोय म्हनं."

"असतो."

"भ्या नाय वाटलं? इतक्या मानसांत?"

"नाही वाटलं."

"बरं झालं." त्या खरंच बरं वाटल्यासारखं म्हणाल्या. त्यामुळंच मला धीर आला असावा. मी पत्राचं सांगितलं. तेरा भाग, तीच काकू, तेच बोलणं. सांगून झाल्यावर मी विचारलं, "करू का, माई?"

त्यांनी भांडं विसळलं, पाणी नाल्याकडं ढकललं, हात लुगड्याला पुसले आणि पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. रागानं नाही. जत्रेत एखादी वस्तू हातात घेऊन माणूस बघतं, घ्यायची नसली तरी, तसं.

"मी न्हाई म्हनलं तर सोडशील?"

मला 'सोडीन' म्हणता आलं असतं. एकच शब्द होता. पावसाचं पाणी वळचणीवरून माझ्या पायाजवळ पडत होतं आणि मी त्याच्याकडं बघत राहिले. किती वेळ ते मला माहीत नाही, पण माईंना तेवढा पुरला.

"मग इचारू नगं, बाय," त्या म्हणाल्या. भांड्यांची पाटी कमरेवर घेऊन त्या आत गेल्या आणि पायानं दार लोटून घेतलं.

पुढच्या महिन्यात मी मुंबईला गेले. आबांना वाईट वाटलं, पण त्यांनी अडवलं नाही. स्टँडवर माझी ट्रंक टपावर चढवून दिली आणि गाडी हलेपर्यंत खाली उभे राहिले. मालिका लोकांनी उचलून धरली. पुढं आयुष्यभर माझं जे काही झालं, घर, नाव, मुलांची शिक्षणं, ते तिथून झालं.

पाचव्या भागात मी एक प्रसंग लिहिला होता. काकू तोंडानं नाही म्हणते आणि शेजारणीच्या पदरात तांदूळ ओतते, एवढाच. फार जपून लिहिला होता. नलिनीताईंनी तो दोनदा वाचला. म्हणाल्या, "चांगलं आहे गं, पण काकूनं दिलं तर मग हसायचं कशाला? प्रेक्षक गोंधळतील. दुसरं काहीतरी दे." मी एकदा म्हटलं की हे राहू द्या. त्या म्हणाल्या, नको. मी दुसऱ्यांदा म्हटलं नाही. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून मी त्याच कागदाच्या पाठीमागं नवा प्रसंग लिहून दिला. तो जास्त विनोदी झाला होता. कॅमेऱ्यामागची सगळी माणसं हसली.